दहा-अकराचा पाना

मोटारसायकलची चेन घरी साफ करायची, ब्रेकचे पॅड घरी बदलायचे आणि क्लचची वायरही घरीच ओवायची, असं धनराज भामरेंनी जाहीर केलं तेव्हा सविताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली, उठल्या, आणि स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरून एक डबा काढून नवऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवला. डबा वाजला. त्यात स्क्रू होते. मिक्सरमधून उरलेले, इस्त्रीतून उरलेले, पंख्याच्या रेग्युलेटरमधून उरलेले, आणि एक लांबडा, पितळी, भारदस्त स्क्रू, जो नेमका कशातून उरला होता हे आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं.

"पण या सगळ्या वस्तू चालतात," भामरे म्हणाले.

ते खरंही होतं. मिक्सर चालत होता. फक्त चालताना तो ओट्यावरून सरकत सरकत गॅसच्या दिशेने जाई, म्हणून एका हाताने त्याला धरून ठेवावं लागे.

"मला मिक्सरवर बसून देवळ्याला जायचं नाहीये," सविताबाई म्हणाल्या, आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

आता यातली खरी गोम सांगायला हवी. भामरेंनी निवृत्त झाल्यावर लांबच्या प्रवासाची एक उंच, रुंद, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या असलेली मोटारसायकल घेतली होती. ते तिच्यावरून त्र्यंबकेश्वरला जाऊन आले, सापुताऱ्याला जाऊन आले, एकदा तर नुसता चहा प्यायला घोटीला जाऊन आले. सगळीकडे एकटे. मागची सीट कोरी करकरीत होती, कारण सविताबाई तिच्यावर बसायला तयार नव्हत्या. देवळ्याला माहेरी जायचं झालं की त्या एसटीने निघत आणि भामरे गाडीवरून. पिंपळगावच्या पुढे कुठेतरी ते बस गाठत, खिडकीच्या बरोबरीने गाडी चालवत आणि हात हलवत. सविताबाई हात हलवत नसत. शेजारच्या बाईला कळलं असतं ना, की हेल्मेटमधला तो मनुष्य आपला आहे!

लोक समजतात माणूस एवढी मोठी गाडी हौसेसाठी घेतो. भामरेंनी ती मागच्या सीटसाठी घेतली होती. संसाराच्या धबडग्यात बायकोला कुठे नेता आलं नाही, आता न्यावं, एवढा साधा हिशेब होता. पण हे बायकोला तोंडावर सांगायचं कसं, हे काही त्यांना जमत नव्हतं. म्हणून ते चेनबद्दल बोलत.

"बरं," मेथी संपवून सविताबाई म्हणाल्या, "एक तरी दुरुस्ती अशी करून दाखवा की खाली काही उरलं नाही. मग येत्या रविवारी महेशच्या वास्तुशांतीला मी तुमच्या मागे बसून येते."

महेश म्हणजे सविताबाईंचा धाकटा भाऊ. देवळ्याला कांद्याचा व्यापार, आणि आता गावाबाहेर नवीन बंगला. भामरेंनी कपाळावरचा घाम पुसला आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःशीच हसून घेतलं.

भामरेंना कमी लेखू नका. मनुष्य ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला होता. आता तिथे त्यांनी आयुष्यात एकही बोल्ट पिळला नव्हता, ही गोष्ट वेगळी. ते तपासनीस होते. दुसऱ्याने पिळलेल्या बोल्टकडे भिंगातून बघायचं, टॉर्च मारायचा, बोट फिरवायचं आणि सही करायची, किंवा करायची नाही. भल्याभल्यांनी गळ घालूनही भामरेंनी सही केली नाही असे प्रसंग ओझरला अजून सांगतात. पण घरी आल्यावर हाच मनुष्य मिक्सर उघडताना स्क्रू मुठीत धरायचा आणि फोन वाजला की मूठ उघडायचा. नियम कारखान्याच्या गेटातच राहून जायचे. या खेपेला ते त्यांनी घरी आणले.

प्लायवूडचा एक फळा त्यांनी पिवळा रंगवला. त्यावर एकेक पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ठेवून काळ्या रंगाने बाह्यरेषा काढली आणि खिळे मारले. प्रत्येक हत्यार आपापल्या आकारात टांगायचं. काम संपलं की फळ्याकडे बघायचं; एखादा आकार रिकामा असला तर हत्यार यंत्रात राहिलंय असं धरून चालायचं आणि ते सापडेपर्यंत यंत्र जागचं हलवायचं नाही, मग बाहेर खुद्द मोठे साहेब का ताटकळत असेनात. दुसरा नियम असा की जो काम करतो त्याने ते तपासायचं नाही. म्हणजे तपासनीस दुसरा हवा. भामरेंनी घरात नजर फिरवली. घरात दुसरं कोण होतं?

"मी?" सविताबाई म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतं?"

"तपासायला कळावं लागत नाही, संशय यावा लागतो," भामरे म्हणाले.

सविताबाईंनी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळला होता. संशयाची बाजू भक्कम होती.

शनिवारी सकाळी गोदाप्रभा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात पिवळा फळा टांगून, जुनी चादर अंथरून भामरे कामाला बसले. आणि मोटारसायकल उघडलेली दिसली की नाशिकमधल्या कुठल्याही सोसायटीत जे होतं ते झालं. माणसं जमली.

पहिले आले सावळीराम आहेर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, तळमजल्यावर राहणारे. "भाऊसाहेब, चेन लय घट नाय ठेवायची. थोडी लोंबू द्यायची."

"किती लोंबू द्यायची?"

"मनाला पटंल इतकी."

एसटीला चेन नसते, ही बाब भामरेंनी सौजन्य म्हणून बोलून दाखवली नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या मीनावहिनी आल्या. त्यांचं म्हणणं, चेन रात्रभर चिंचेच्या कोळात घालावी, समई कशी निघते! भामरेंनी रॉकेलचा ब्रश थांबवून मान डोलावली. कारखान्यात सल्ला लेखी द्यावा लागतो म्हणून सल्ले कमी येतात, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी दिनेश कुलथे आले. दिनेशभाऊ वाईट मनुष्य नव्हता. पण सेक्रेटरी झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत कलम दिसायचं.

"भामरेकाका, पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला कमिटीची परवानगी लागते."

"मग द्या."

"अशी कशी देता येईल? मीटिंग बोलवावी लागते. मीटिंगची आधी नोटीस काढावी लागते."

"कमिटीत कोण कोण आहे?"

कमिटीत दिनेश होता, सावळीराम होते आणि मीनावहिनी होत्या. तिघेही चादरीभोवती उभे होते. सावळीरामांच्या हातात तर गाडीची सीट होती. पण ती माणसं होती, कमिटी नव्हती. भामरेंना हे पटलं. सरकारी कारखान्यात काढलेली हयात वाया जात नाही. ते म्हणाले, "तुमची नोटीस निघेपर्यंत माझं काम संपेल." दिनेश "मग नोटीसच काढतो" म्हणून तणतणत वर गेला.

आणि काम झालं की! हे मात्र दिलदारपणे सांगायला हवं. बोटं काळी झाली, करंगळी सोलवटली, क्लचची वायर तीनदा उलटी गेली, तिच्यासाठी पेट्रोलची टाकी उचलावी लागली, पाठीत उसण भरली. पण निघालेली प्रत्येक वस्तू भामरेंनी चादरीवर निघालेल्या क्रमाने मांडली आणि त्याच क्रमाने उलट लावली. मध्ये फोन वाजला तो त्यांनी घेतला नाही. संध्याकाळी चादर मोकळी होती. नुसती चादर. भामरे तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले, मग चहा प्यायला आणि तपासनिसांना बोलवायला वर गेले.

सविताबाई टॉर्च आणि लाल पेन घेऊन उतरल्या. त्यांनी चादर झटकून बघितली, उलटी करून बघितली. नवऱ्याचे खिसे बघितले. दुसरीच्या मुलाने गणित शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवलंय की काय, तसं प्रत्येक नटाकडे रोखून बघितलं. शेवटी पाठ सरळ करून म्हणाल्या, "काही उरलं नाही."

"मग?"

"मग काय? येते उद्या."

त्या आनंदात भामरे टॉर्च, चादर, बायको असं सगळं घेऊन वर गेले, आणि फळ्याकडे बघायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी सविताबाई पंजाबी ड्रेस घालून, नवं हेल्मेट हातात घेऊन खाली आल्या. आहेराची स्टीलची पातेली आणि भावजयीची साडी पेट्यांत गेली. सावळीराम बनियनवर निरोप द्यायला उभे होते. मीनावहिनींनी गाडीला हळदकुंकू लावलं. भामरेंनी जॅकेटची चेन लावली आणि जायच्या आधी सहज, केवळ सवयीने, कोपऱ्यातल्या पिवळ्या फळ्याकडे नजर टाकली.

दहा-अकराचा आकार रिकामा होता.

इथे माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही भामरेंच्या जागी उभे राहा. बायको पहिल्यांदाच मागे बसायला निघाली आहे. तिने गाडी तपासून पास केली आहे. फळ्याकडे तुमच्याशिवाय कुणाचंही लक्ष नाही, आणि असलं तरी तो रिकामा आकार काय बोलतो हे कुणाला कळत नाही. तुम्ही काय कराल? मी तर बाबा किल्ली फिरवली असती.

भामरेंनी किल्ली खिशात टाकली. "सविता, गाडी निघणार नाही. दहा-अकराचा पाना सापडत नाहीये."

पार्किंगमध्ये एकच गलका झाला. "आता पान्यावाचून काय अडलं भाऊसाहेब?" सावळीराम म्हणाले. "आमच्या एसटीत चाक खोलायची टामी हरवायची, जॅक हरवायचा, येकदा तर कंडक्टर हरवला. गाडी येळेवर सुटायची!" मीनावहिनी म्हणाल्या, हळदकुंकू लावलेली गाडी परत उघडू नये. दिनेश मात्र उत्साहाने धावत आला आणि त्याने शोधमोहिमेची सूत्रं हातात घेतली. कुंड्या हलवल्या. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बघितलं. कुणाच्या तरी कारखाली लोळून दिनेशने सदरा काळा करून घेतला. पाना नव्हता.

"म्हणजे गाडीतच आहे," भामरे म्हणाले, आणि जॅकेट काढून त्यांनी चादर अंथरली.

सीट निघाली. पेट्या निघाल्या, आहेराची पातेली ओळीने फरशीवर बसली. टाकीचे बोल्ट दहा नंबरचे, आणि एका टोकाला दहाचं तोंड असलेला तोच पाना हरवलेला. तेव्हा दहाचा पाना शोधण्यासाठी मीनावहिनींच्या घरून दहाचा पाना मागून आणावा लागला. वरच्या गॅलऱ्यांमध्ये मंडळी चहाचे कप घेऊन उभी राहिली. "पडली का बंद?" वरून कुणीतरी विचारलं. "निघायच्या आधीच?" दुसरं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. भामरेंचे कान लाल झाले. हा मनुष्य विमानांवर सह्या करायचा हो! आता चादरीवर गुडघे टेकून तो टॉर्च घेऊन टाकीखाली बघत होता, आणि चौथ्या मजल्यावरून त्याला सल्ले मिळत होते.

फोन वाजला. महेश. "दाजी, कोठे शेतस तुम्ही? भटजी बसले ना!"

"बघतोय," भामरे म्हणाले. "सापडला की निघतो."

"काय सापडला?"

भामरेंनी फोन ठेवला. सांगण्यासारखं काही नव्हतं.

सविताबाई मघापासून पायरीवर बसून होत्या. हेल्मेट मांडीवर, तोंड बंद. त्यांचा राग आवाजात नसतो, तो पदर खोचण्यात असतो, आणि आज पदरही नव्हता. मुहूर्ताची वेळ टळून गेल्यावर त्या उठल्या आणि चादरीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मला एक सांगा. तुम्ही बोलला नसतात, तर मला कळलं असतं?"

"नाही."

"या सगळ्यांना?"

"नाही."

"मग बोललात कशाला?"

भामरेंनी टॉर्च बंद केला. हँडलच्या मागे, टाकीच्या खालच्या खाचेकडे बोट दाखवलं. "इथे राहिला असेल आणि भावडबारीच्या घाटात वळणावर अडकला, तर हँडल फिरणार नाही." मग खाली बघत हळूच म्हणाले, "एकटा असतो तर कदाचित गेलोही असतो. तू मागे बसणार होतीस."

सविताबाई मागे वळल्या. हेल्मेट त्यांनी सावळीरामांच्या हातात दिलं आणि पार्किंगच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टाळी वाजवली. गॅलऱ्यांतली कुजबूज थांबली. त्यांच्यातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या शाळेत कधीतरी दुसरीत होतेच.

"कुणी घेतला, असं मी विचारत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "घेतलेला परत ठेवायला कोण विसरलं?"

दिनेश कुलथेचा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत वर गेला. त्याने स्वतःच त्या हाताकडे आश्चर्याने बघितलं. मग जिन्याखालच्या फलकाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

फलक नवा होता. काल संध्याकाळी भामरे चहाला वर गेले तेव्हा लावलेला. त्यावर लिहिलं होतं: 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, सेक्रेटरी.' तो भिंतीला चार बोल्टांनी आवळला होता, आणि ते आवळलेला दहा-अकराचा पाना फलकाच्या चौकटीवर आडवा विसावला होता.

"हाताशी तोच होता, काकू," दिनेश म्हणाला. "लगेच ठेवणार होतो."

पुढचं हसू मी सांगत बसत नाही. ते पार आडगाव नाक्यापर्यंत गेलं असेल. सगळे हसले, सावळीराम तर खांबाला धरून हसले, आणि भामरे चादरीवर तसेच बसून राहिले. पाना गाडीत नव्हताच. गाडी कालही ठीक होती, सकाळीही ठीक होती. मुहूर्त गेला, मेव्हण्याकडे शोभा झाली, सोसायटीत शोभा झाली, आणि कशासाठी? कशासाठीच नाही. एवढं वाईट त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सविताबाईंनी नवऱ्याचा फोन उचलून भावाला लावला. "महेश, आम्ही निघतोय. हो, गाडीवर. जेवण झालं तर होऊ दे, आम्हाला उरलंसुरलं ठेव. वेळ लागेल, कारण हे आता गाडी जोडणार आणि मी ती परत तपासणार." फोन ठेवून त्या चादरीवर बसल्या. "चला. पहिलं काय लावायचं?"

"तपासनिसाने हात लावायचा नसतो," भामरे पुटपुटले.

"मग मी पातेली भरते. तुम्ही आवरा."

निघाले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. फळा भरलेला होता. सविताबाईंनी तोही तपासला. गाडी कशी चालली म्हणता? क्लच लोण्यासारखा, ब्रेक धरताक्षणी लागत होता, चेनचा आवाजही नाही. ओझर मागे पडलं, पिंपळगाव गेलं. एक एसटी लागली. भामरेंनी ती ओलांडली, तेव्हा मागून सविताबाईंनी खिडकीतल्या अनोळखी बाईला हात हलवला. आरशात ते बघून भामरेंना चष्मा पुसावासा वाटला, पण हेल्मेटमध्ये ते जमत नाही.

चांदवड सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागल्यावर पाठीवर ठक् असं काहीतरी आपटलं. मग परत ठक्. भामरेंना आधी वाटलं, बायको काहीतरी सांगतेय. मग त्यांच्या लक्षात आलं. पहाटे उठलेली, दिवसभर पार्किंगमध्ये तिष्ठलेली सविता, जी आजपर्यंत या सीटला स्पर्श करायला तयार नव्हती, ती त्यांच्या पाठीवर हेल्मेट टेकून झोपली होती.

झोपलेला मनुष्य मागे घेऊन गाडी चालवायची नाही. हा नियम कुणी सांगायला लागत नाही. भामरेंनी एका हाताने तिचे हात आपल्या पोटाशी धरले, वेग कमी करत करत, धक्का बसू न देता गाडी कडुलिंबाखाली आणली आणि इंजिन बंद केलं. स्टँड लावावा तर गाडी कलणार, ती जागी होणार. म्हणून त्यांनी दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि गाडी, पेट्या, पातेली आणि बायको असं सगळं तोलून सरळ धरून उभे राहिले. मांड्या थरथरायला लागल्या.

कांद्याचा एक टेम्पो थांबला. "काय काका, बंद पडली का?"

भामरेंनी मान हलवली. हो.

"एवढ्या मोठ्या गाडीचं हे असंच असतं," टेम्पोवाला म्हणाला आणि गेला. एक मोटारसायकल थांबली, पेट्रोल संपलं का विचारून गेली. मघाशी मागे टाकलेली एसटी आली; कंडक्टरने दारातून वाकून बघितलं आणि आतल्यांना काहीतरी सांगितलं, बसभर लोक हसले. भामरेंनी मान हलवली. हो, हो.

शेवटी देवळ्याकडून महेशची पिकअप आली. दाजी अजून कसे आले नाहीत म्हणून तो शोधायला निघाला होता. त्याने गाडी आडवी घातली, खाली उतरला, आणि सकाळपासून ताटकळल्याचं सार्थक झाल्यासारखं समाधान त्याच्या चेहऱ्यावर एकदम उमटलं.

"पडली ना बंद, दाजी? मी म्हणत नव्हतो? हे घरी करायचं काम नाय! विमानाचं वेगळं आन्‌ गाडीचं वेगळं. उद्या सगळ्यांना सांगतो बघा, दाजींनी गाडी रिपेर केली आन्‌ घाटाच्या तोंडाशीच..."

भामरेंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हो महेशराव, पडली बंद," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "सगळ्यांना सांगा. आता पुढे व्हा, आणि जाताना हॉर्न वाजवू नका."